वन बीएचके विकायला काढला, पण गिऱ्हाईक थांबेना! गडहिंग्लजमध्ये फ्लॅटची खरी स्पर्धा आहे गुंठ्याशी

बाल्कनीच्या ग्रीलला तारेनं बांधलेला फ्लेक्स. 'फ्लॅट विकणे आहे. १ बीएचके. त्वरित संपर्क.' खाली मोबाइल नंबर. गडहिंग्लजमध्ये कडगाव रोड, भडगाव रोड किंवा संकेश्वर रोडनं चक्कर मारली की असा एखादा बोर्ड दिसतोच. दोन पावसाळे खाल्लेल्या बोर्डावर 'त्वरित' हा शब्दच आधी पुसट होतो.

मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: 'मार्केट डाऊन आहे.' एजंटही तेच सांगतो. नातेवाईक म्हणतात, थांबा थोडं, भाव येईल. यातलं 'मार्केट डाऊन' हे अर्धं खरं आहे. गडहिंग्लजसारख्या गावात वन बीएचके न विकला जाण्याचं मोठं कारण मात्र बाजारात नाही, त्या बोर्डामागच्या हिशोबात आहे. मालक स्वतःच्या खर्चावरून भाव ठरवतो आणि घेणारा मनात गुंठा धरून येतो. हे दोन हिशोब एकमेकांना भेटतच नाहीत.

हे फ्लॅट घेतले कुणी होते?

२०११ च्या जनगणनेत गडहिंग्लज शहराची लोकसंख्या सुमारे २७ हजार होती. गाव तसं छोटं, पण त्याच्यावर विसंबून असलेला परिसर मोठा. प्रांत कार्यालय, न्यायालय, उपजिल्हा रुग्णालय, शिवराज आणि डॉ. घाळी महाविद्यालय, बाजार समिती, मिरची आणि गुळाचा व्यापार. आजरा, चंदगडची माणसंही कामासाठी इथंच उतरतात. रेल्वे नाही, पण पुणे-बंगळूर महामार्ग संकेश्वरला लागतो आणि संकेश्वर-बांदा रस्ता गावातूनच पुढं आंबोलीकडं जातो.

अशा गावात छोटा फ्लॅट घेणारे लोक ठरलेले होते. बदलीवर आलेले शिक्षक आणि बँक कर्मचारी. मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून तालुक्याला आलेली कुटुंबं. सैन्यातून निवृत्त झालेले जवान. आणि मुंबईकर. या तिन्ही तालुक्यांतून पिढ्यान् पिढ्या माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्यातली कित्येक गावी परतली, उरलेल्यांची पुढची पिढी तिथंच नोकरीला लागली. निवृत्तीनंतर खेड्यातल्या घरात भाऊबंदकी नको आणि दवाखाना जवळ हवा, म्हणून त्यांनी तालुक्याच्या गावी एक खोली, स्वयंपाकघर आणि हॉल घेतला. चाळीतल्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला वन बीएचके लहान वाटत नव्हता.

आता विकायची वेळ आली आहे ती याच लोकांवर किंवा त्यांच्या मुलांवर. आणि समोरचा ग्राहक बदलला आहे.

घेणाऱ्याच्या मनातला गुंठा

पुण्यात वन बीएचकेची तुलना दुसऱ्या वन बीएचकेशी होते. तिथं स्वतंत्र प्लॉट घेऊन घर बांधणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेलं आहे, त्यामुळं लहान फ्लॅट ही पहिली पायरी ठरते. गडहिंग्लजमध्ये तसं नाही. इथं पंधरा-वीस लाखांची तयारी करणारा माणूस आधी विचारतो, 'गावाच्या कडेला गुंठा कितीला मिळतो?' एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. त्यावर आज दोन खोल्या, पाच वर्षांनी स्लॅब, मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला. पैसे येतील तसं घर वाढतं. उसाचं बिल, निवृत्तीची रक्कम, मुंबईच्या भावानं दिलेला हातभार, असे तुकड्यातुकड्यांनी येणारे पैसे गुंठ्यात सहज जिरतात. फ्लॅटला मात्र एकरकमी पैसे लागतात आणि घेतल्यावर त्याची एक भिंतही पुढं सरकत नाही.

यात भावनेचा भाग आहेच. मिरची वाळवायला गच्ची लागते, दारात तुळस लागते, दोन गाड्या आणि एक बैठकीचा कट्टा लागतो. पण भावना बाजूला ठेवली तरी गणित गुंठ्याच्या बाजूनं जातं. समजा, पाच गुंठ्यांवर बारा फ्लॅटची इमारत आहे आणि सगळ्यांचा वाटा सारखा आहे. ५,४४५ चौरस फूट भागिले १२, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जमिनीचे ४५४ चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. तेही बारा जणांत अविभाज्य. काळाप्रमाणं भाव वाढतो तो जमिनीचा. सिमेंट, प्लास्टर, नळ आणि लिफ्ट यांची किंमत दरवर्षी उतरतच असते. वन बीएचकेच्या मालकाकडं वाढणारी गोष्ट थोडी आणि उतरणारी जास्त असते. आठ-दहा वर्षांनंतर हा फरक भावात दिसू लागतो.

सरकारी योजनाही प्लॉटवाल्याला हात देते. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या पात्र कुटुंबाला प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात अडीच लाखांपर्यंत अनुदान मिळतं. फ्लॅट घेणाऱ्यासाठी व्याज अनुदान आहे, त्याबद्दल पुढं.

'माझे इतके गेलेत' हा भाव नव्हे

हिशोबासाठी एक कुटुंब कल्पनेतलं धरू. मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या जोडप्यानं २०१३-१४ मध्ये गडहिंग्लजला ११ लाखांना वन बीएचके घेतला, पत्नीच्या नावावर. आता गृहस्थ नाहीत. काकू पुण्यात मुलाकडं राहतात, फ्लॅट बंद आहे. औषधं, गुडघ्याचं दुखणं, नातवंडाच्या वाढदिवसाचं पाकीट, सगळ्यासाठी मुलाकडं हात पसरावा लागतो. स्वतःच्या नावावर घर असलेली बाई हातात पैसा नसलेली आहे.

मुलानं भाव काढला २० लाख. कसा? खरेदीचे ११, मुद्रांक आणि नोंदणी, किचन ट्रॉली, पीओपी, कर्जावर भरलेलं व्याज, आणि वर 'शेजारच्या बिल्डिंगमध्ये बावीसला गेला म्हणे'. या 'म्हणे'ला भावात फार मोठी जागा असते. प्रत्यक्षात आलेला चांगला ग्राहक १७.५ लाखांवर थांबला. मुलानं नकार दिला, कारण अडीच लाखांचं नुकसान कोण सोसणार?

इथं आयकराचा एक आकडा आरशासारखा कामाला येतो. महागाई मोजण्यासाठी आयकर खातं दरवर्षी निर्देशांक जाहीर करतं. २०१३-१४ चा निर्देशांक २२० आणि २०२५-२६ चा ३७६. त्या हिशोबानं तेव्हाचे ११ लाख म्हणजे आजचे १८.८० लाख. १७.५ लाखांना विकला तर कागदावर साडेसहा लाखांचा फायदा दिसतो, पण पैशाच्या खऱ्या किमतीत काकू एक लाख तीस हजारांनी मागंच आहेत. हे कटू आहे. पण हे नुकसान १७.५ लाखांवर सही केल्यानं होत नाही, ते गेल्या बारा वर्षांत होऊन गेलेलं आहे. २० लाखांचा बोर्ड लावून ते भरून निघत नाही.

याच आकड्याचा फायदाही आहे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आला आणि महागाईची वजावट गेली. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला जुन्या पद्धतीनं, म्हणजे वजावट घेऊन २० टक्के, असा हिशोब करता येतो. कमी बसेल तो कर भरायचा. नव्या पद्धतीनं काकूंना साडेसहा लाखांवर ८१,२५० रुपये बसले असते. जुन्या पद्धतीनं नफाच उरत नाही, म्हणून कर शून्य. करात बरीच रक्कम जाणार या भीतीनं भाव वाढवून ठेवणाऱ्यांनी हा हिशोब आधी सीएकडून करून घ्यावा.

थांबायलाही पैसे पडतात

'थांबू की, घर काय भाकरी मागतंय का?' असं सर्रास म्हटलं जातं. घर भाकरी मागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर सध्या ८.२ टक्के आहे. १७.५ लाख त्यात ठेवले तर वर्षाला १,४३,५०० रुपये, म्हणजे दर तिमाहीला ३५,८७५ रुपये काकूंच्या स्वतःच्या खात्यात. बंद फ्लॅटमुळं हे पैसे येत नाहीत. त्यात महिना ७०० रुपये मेंटेनन्स धरला तर वर्षाचे ८,४००, घरपट्टी आणि वीज मीटरचा स्थिर आकार मिळून पाचेक हजार. एकूण दीड लाखाच्या वर, साधारण १ लाख ५७ हजार.

आता ज्या अडीच लाखांसाठी सौदा मोडला ते किती दिवस पुरतात? १९ महिने. म्हणजे आजपासून १९ महिन्यांनी कुणी पूर्ण २० लाख दिले तरी काकू आजच्या १७.५ इतक्याच ठिकाणी असतील. त्यानंतरचा प्रत्येक महिना शुद्ध तोटा. आणि फ्लॅट तेवढ्यानं जुना झालेला असेल. घरावर कर्ज बाकी असेल तर हे आकडे आणखी वाईट.

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' असं म्हणणाऱ्यांना कधी वन बीएचके विकावा लागला नसावा, नाहीतर म्हण लांबली असती.

न विकला जाणारा वन बीएचके हा काही गडहिंग्लजचाच प्रश्न नाही. मुंबईजवळ विरार-बोळींजला म्हाडाच्या कोकण मंडळानं सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी केली. सरकारी शिक्का, स्वच्छ कागदपत्रं, तरीही हजारो घरं कित्येक वर्षं रिकामी राहिली. लॉटरीसाठी प्रसिद्ध असलेल्या म्हाडाला तिथं 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' अशी विक्री करावी लागली. पाण्याची टंचाई हे त्यातलं मोठं कारण होतं. सूर्या धरणाचं पाणी आल्यावर तिथली विक्री हलली. ग्राहक घराच्या चौरस फुटांइतकंच नळाकडंही बघतो, हे म्हाडालाही किंमत मोजून कळलं.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. कोरोनाच्या वर्षात, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात राज्य सरकारनं मुद्रांक शुल्कात ३ टक्के सवलत दिली. त्या वेळी रेपो दर ४ टक्क्यांवर होता, कर्ज स्वस्त होतं. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. नोकऱ्यांची शाश्वती नसताना लोक घरं घेत होते. म्हणजे ग्राहक गायब झालेला नसतो, तो खराखुरा उतरलेला आकडा बघायला थांबलेला असतो. २०२५ मध्ये रेपो दर ६.५ वरून ५.२५ पर्यंत खाली आला आहे. या वेळी कर्जाची बाजू विकणाऱ्याच्या विरोधात नाही.

आवडलं, ठरलं आणि अडलं

भाव जुळूनही मोडणारे सौदे वेगळेच. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्यात धरला जात नाही. १७.५ लाखांच्या घरासाठी खरेदीदाराकडं स्वतःचे पावणेदोन लाख आणि वर कागदांचे लाखभर असावे लागतात. पतसंस्थेचा हप्ता आधीच चालू असलेल्या पगारदाराची खरी अडचण ही आहे. त्याला घर परवडतं, घराचा उंबरठा परवडत नाही.

मग बँकेचा वकील कागद मागतो. मंजूर नकाशा, बिगरशेती आदेश, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आधीच्या खरेदीची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र. इथं छोट्या गावातल्या जुन्या इमारती गडबडतात. नकाशात दाखवलेलं पार्किंग गाळा झालेलं असतं, वर एक मजला वाढलेला असतो, बिल्डरनं भोगवटा प्रमाणपत्र घेतलेलंच नसतं, सोसायटी किंवा अपार्टमेंटची नोंदणी अर्धवट पडलेली असते. महारेराकडं बोट दाखवूनही उपयोग नाही. हा कायदा महाराष्ट्रात मे २०१७ पासून लागू झाला, आणि पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत फ्लॅटचे प्रकल्प नोंदणीच्या सक्तीतून बाहेर आहेत. तालुक्याच्या गावातल्या कित्येक इमारती याच मापात बसतात. कर्ज मिळालं नाही की फक्त रोखीचा ग्राहक उरतो, आणि रोखीचा ग्राहक भाव पाडूनच मागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतींची यादी नगरपरिषदांनी संकेतस्थळावर टाकली तर घेणाऱ्याचे हेलपाटे वाचतील आणि अर्धवट सोडून गेलेल्या बिल्डरांची नावंही आपोआप समोर येतील. खर्च काहीच नाही, इच्छा लागते.

त्याहून मोठी अडचण मालक स्वतः उभी करतो. 'पाच लाख वरचे द्या.' वरचे म्हणजे रोख, बिनकागदाचे. घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, हा धोका आहेच. पण साधी गोष्ट अशी की पगारदार ग्राहकाचं कर्ज करारातल्या रकमेवर बसतं. करारात साडेबारा लाख लिहिले तर उरलेले पाच तो कुठून आणणार? ज्याच्याकडं पाच लाख रोख पडून आहेत तो वन बीएचके बघायला येतच नाही, तो गुंठे बघतो.

रेडीरेकनरचा काटाही ध्यानात ठेवायला हवा. २०२२ नंतर तीन वर्षं स्थिर असलेले हे सरकारी दर १ एप्रिल २०२५ पासून वाढले. बाजार थंड असला म्हणून ते आपोआप उतरत नाहीत. समजा, काकूंच्या फ्लॅटचं सरकारी मूल्यांकन २० लाख निघालं. कायद्यानं प्रत्यक्ष किंमत आणि मूल्यांकन यांत १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे साधारण १८.१८ लाखांपर्यंत. १७.५ ला सौदा केला तर विकणाऱ्याचा नफा २० लाख धरून मोजला जाईल, आणि फरकाची रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न समजली जाईल. प्रामाणिकपणे कमी भावात विकणाऱ्याला ही शिक्षाच आहे. काळा पैसा रोखायचा म्हणून केलेला नियम पडत्या बाजारात नेमका पांढरा व्यवहार अडवतो. विकणाऱ्याला मूल्यांकन अधिकाऱ्याकडं प्रकरण पाठवायची मागणी करता येते, पण एवढ्याशा फ्लॅटसाठी त्या वाटेला जाणार कोण? निदान इमारतीच्या वयानुसार मिळणारा घसारा मूल्यांकनात धरला आहे का, हे बोर्ड लावण्याआधी तपासावं. जुन्या इमारतीत त्यानं बराच फरक पडतो.

मग करायचं काय?

घर विकायला काढण्याआधी कागदांची फाइल विकायला योग्य करावी. कर्ज फिटलेलं असेल तर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची सक्ती १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर आहे, उशिराबद्दल दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. मालक वारले असतील तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. दुबईच्या भावाचं मुखत्यारपत्र ग्राहक दारात आल्यावर मागवायला घेतलं की ग्राहक जातो. सोसायटी असेल तर हस्तांतर अधिमूल्य मनमानी घेता येत नाही. महापालिका हद्दीतही कमाल मर्यादा २५ हजार आहे, नगरपरिषदांना त्याहून कमी.

ग्राहकाला व्याज अनुदान सांगणं हे मालकाच्याच फायद्याचं आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, देशात कुठंही पक्कं घर नावावर नाही, घर ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत असेल, तर १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान हप्त्यांत मिळू शकतं. जुन्या फ्लॅटच्या खरेदीलाही ते लागू आहे. शिवाय पूर्ण झालेल्या घरावर जीएसटी नाही.

विकायचाच नसेल तर भाड्यानं द्यावा, बंद ठेवू नये. कॉलेजची मुलं, दवाखान्यातल्या नर्स, बदलीवरचे बँकवाले यांना वन बीएचकेच हवा असतो. समजा महिना पाच हजार आले तर वर्षाचे ६० हजार. १७.५ लाखांवर साडेतीन टक्केही पडत नाहीत, त्यामुळं भाडं हा विक्रीला पर्याय नव्हे. पण १९ महिन्यांत हातात काहीच न येण्यापेक्षा ९५ हजार आलेले बरे. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार करावा आणि ग्राहक आला तर घर दाखवायची मुभा त्यातच लिहून घ्यावी.

राहिला भाव. शेवटचे तीन खरे व्यवहार कितीला झाले ते नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर दस्तात बघावं. 'म्हणे'ला विचारू नये. त्या आकड्याच्या जवळ भाव ठेवावा आणि तीन महिन्यांत गंभीर ग्राहक आला नाही तर स्वतःहून उतरवावा. एजंटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच फोटो, तोच भाव वर्षभर फिरत राहिला की लोक समजतात, यात काहीतरी भानगड आहे.

वेळही बघावी. इथला ग्राहक हलतो तो हंगामातलं उसाचं बिल जमा झाल्यावर, पाडव्याच्या आसपास, आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं गावी आल्यावर. शाळा-कॉलेजसाठी येणाऱ्या कुटुंबालाही जूनच्या आत चावी हवी असते. बोर्ड फेब्रुवारीत लावावा, रंग त्याआधी द्यावा. जूनमध्ये हिरण्यकेशीचं पाणी चढायला लागलं की फ्लॅट बघायला येणारा माणूस पहिल्यांदा बाथरूमच्या मागच्या भिंतीवर हात ठेवून ओल बघतो, आणि बोलणी तिथूनच सुरू होतात.